मँडर्लीच्या वाटेवर

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून सुटलेली गाडी प्लिमथ मागे टाकते आणि टेमर नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर अगदी सावकाश चालू लागते. ब्रुनेल नावाच्या इंजिनियरने बांधलेला हा पूल १८५९ सालचा. अलीकडे डेव्हन, पलीकडे कॉर्नवॉल. पूल संपला की गावांची नावंच बदलतात. जिथे तिथे 'ट्रे', 'पोल' आणि 'पेन'. 'ट्रे' म्हणजे वाडी, 'पोल' म्हणजे डोह, 'पेन' म्हणजे टोक. ही जुन्या कॉर्निश भाषेची खूण. इंग्रजीपेक्षा ती वेल्श भाषेच्या जवळची. दोन्ही बाजूंना उंच बांध, मधून एका गाडीपुरती वाट, बांधावर नेचे आणि रानफुलं. कोकणात माहेर असलेल्या बाईला इथे पाणंदीची आठवण झाली नाही तरच नवल. फरक इतकाच, की हवा गार आणि पाऊस तिरपा.

ह्या मुलुखात दरवर्षी कितीतरी माणसं एका बाईच्या पुस्तकांपायी येतात. तिचं नाव डॅफ्ने ड्यू मॉरिए. नाव ऐकलं नसेल, तरी तिची एक गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेली आहे. १९६४ साली आलेला 'कोहरा' आठवतो ना? वहिदा रहमान आणि विश्वजीतचा? ती भलीमोठी हवेली, मेलेल्या पहिल्या बायकोची खोली, आणि त्या खोलीवर पहारा देणारी दाई, म्हणजे आपल्या ललिता पवार! तो सिनेमा डॅफ्नेबाईंच्या 'रेबेका' ह्या कादंबरीवरून बेतलेला होता. त्याआधी १९४० साली हिचकॉकने 'रेबेका'चा इंग्रजी सिनेमा केला होता आणि त्याला त्या वर्षीचं उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं.

रहस्यकथा, प्रेमकथा, साहसकथा हे शब्द आपल्याकडे जरा नाक मुरडूनच उच्चारतात. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांतून उशीखाली असायचे, बैठकीच्या कपाटात नसायचे. आणि दुपारी ओटा आवरून झाल्यावर वाचनालयाचं पुस्तक घेऊन आडवी झालेली बाई म्हणजे तर चेष्टेचाच विषय. विलायतेतही प्रकार फारसा वेगळा नव्हता. डॅफ्नेबाईंना 'रोमँटिक लेखिका' म्हटलेलं मुळीच खपत नसे. 'रेबेका' ही प्रेमकथा नाही, मत्सराची कथा आहे, असं त्या सांगत राहिल्या आणि लोक ती प्रेमकथा म्हणूनच वाचत राहिले.

आमची लेक तिकडे नोकरीला आहे, म्हणून आम्हां दोघांना जायचा योग आला. ह्यांना किल्ले बघायचे होते. मी म्हटलं, किल्ले आपल्याकडे काय थोडे आहेत? मला कॉर्नवॉल दाखवा. जावईबापू भले, त्यांनी गाडी काढली.

सुरुवात करावी ती फॉई गावापासून. लिहितात एक आणि म्हणतात 'फॉई'. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे डोंगरउतारावर एकावर एक रचल्यासारखी घरं, खाली शिडाच्या होड्या, आणि त्यांच्यामधून चिनी माती भरायला वर जाणारं एखादं अवाढव्य जहाज. समोरच्या काठावर बॉडिनिक नावाची वाडी. तिथे जायला मोटारी नेणारा तराफा आहे, पाचेक मिनिटांत पलीकडे. तराफा लागतो तिथेच, अगदी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं एक पांढरं घर आहे, 'फेरीसाइड'. डॅफ्ने लंडनची. वडील जेराल्ड नाटकांतले नामवंत नट, आजोबा जॉर्ज 'ट्रिल्बी' कादंबरीचे लेखक. (जेराल्डसाहेबांच्या नावाने सिगारेटसुद्धा निघाली होती. कर भरायला पैसे हवे होते म्हणून त्यांनी नाव वापरू दिलं. नटांचं हे सगळीकडे सारखंच!) १९२६ साली सुट्टीतलं घर शोधत हे कुटुंब इथे आलं तेव्हा डॅफ्ने १९ वर्षांची होती. बाकीचे सुट्टी संपली की लंडनला परतायचे, हिचा पाय निघेना. इथेच बसून तिने पहिली कादंबरी लिहिली, 'द लव्हिंग स्पिरिट'. ती १९३१ साली आली.

आता पुढचं ऐका, कारण हे तिच्या कुठल्याही कादंबरीत शोभलं असतं. ब्राउनिंग नावाच्या एका पस्तिशीच्या लष्करी अधिकाऱ्याने ती कादंबरी वाचली. त्यातलं वर्णन त्याला इतकं आवडलं की तो स्वतःची मोटरबोट घेऊन फॉईच्या बंदरात येऊन थडकला. लेखिकेला गाठायचंच म्हणून! गाठलं, आणि जुलै १९३२मध्ये लग्नही झालं. वऱ्हाड सकाळी लवकर होडीत बसून खाडीतून लँटेग्लॉसच्या जुन्या देवळात गेलं. बँडबाजा नाही, रुसवेफुगवे नाहीत. लग्न लागलं आणि नवराबायको त्याच बोटीतून हेल्फर्ड नदीकडे निघून गेले. तिथे आपण शेवटी जाणारच आहोत.

गावाच्या पश्चिमेला, चालत गेलं तर तासाभरावर, मेनाबिलीची इस्टेट आहे. सोळाव्या शतकापासून रॅशली घराण्याची मालमत्ता. ह्या घराला समुद्रावरून बघावं तर झाडीत दिसत नाही, रस्त्यावरून बघावं तर त्याहून दिसत नाही. डॅफ्ने लग्नाआधी बहिणीला घेऊन ते शोधायला निघाली, तर वाट इतकी लांब आणि रानाने गिळलेली की अंधार पडला आणि दोघींना परतावं लागलं. पुढे एकदा पहाटे उठून एकटीच पोचली. घर बंद, भिंतींवर आयव्हीचे वेल चढलेले, खिडक्यांना झडपा. एका फटीतून तिने आत डोकावलं तर धूळ आणि जुन्या तसबिरी. मालक दुसरीकडे राहत होते. त्यांच्याकडून तिने आवारात फिरायची परवानगी मिळवली आणि मग येतच राहिली. परक्याच्या पडक्या घरावर असा जीव जडणं, ह्याला काय म्हणावं? आमचे 'हे' म्हणाले, वेडेपणा. मला तसं वाटलं नाही.

लग्नानंतर बदलीच्या नोकरीत ती नवऱ्याबरोबर इजिप्तला गेली, अलेक्झांड्रियाला. तिथलं ऊन तिला सोसेना. साहेबाची बायको म्हणून पार्ट्या द्यायच्या, हसायचं, कुणाला कुठे बसवायचं ते ठरवायचं, ह्यातलं काहीच तिला जमत नव्हतं. १९३७ साली तर दोन लहान मुली इंग्लंडमध्ये दाईपाशी, आपण इथे वाळूत, अशा मनःस्थितीत तिने 'रेबेका' लिहायला घेतली. पहिले १५,००० शब्द पसंत पडले नाहीत म्हणून टोपलीत टाकले आणि पुन्हा सुरुवात केली. मनात सल होता तोही अगदी बायकी. नवऱ्याचं पूर्वी दुसऱ्या एका मुलीशी लग्न ठरून मोडलं होतं. ती मुलगी दिसायला देखणी, रुबाबदार. तिची जुनी पत्रं डॅफ्नेच्या हाती लागली होती. त्यांतलं तिचं ते ठाशीव अक्षर हिच्या मनातून जाईना.

कादंबरी तुम्ही वाचली नसेल म्हणून रहस्य फोडत नाही, पण थोडक्यात सांगते. एक गरीब, बुजरी मुलगी एका श्रीमंत बिजवराशी लग्न करून त्याच्या 'मँडर्ली' ह्या वाड्यात येते. तिथे सगळं पहिलीचं. कागदांवर पहिलीचं नाव, रुमालांवर पहिलीची अक्षरं, जेवणाच्या वेळा पहिलीने ठरवलेल्या, आणि किल्ल्या सांभाळणारी मिसेस डॅनव्हर्स मनाने अजून पहिलीचीच चाकर. ह्या दुसरीला सगळ्या कादंबरीत नाव नाही! चारशेच्या आसपास पानं ती स्वतः गोष्ट सांगते आणि तिचं नाव आपल्याला कळत नाही. पुस्तकावर नाव कुणाचं? तर मेलेल्या पहिलीचं.

इंग्रज टीकाकारांनी ह्या निनावीपणावर पुष्कळ लिहिलं आहे. मला मात्र आपल्याकडच्या दुसरेपणावर दिलेल्या मुली आठवल्या. लग्नात नाव बदलायचं ते बदलायचंच, आणि शिवाय काही घरांतून गळ्यात पहिलीचा टाक घालायची रीत होती. सवतीला रोज छातीशी बाळगायचं, सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा. त्या टाकाचं ओझं काय असतं हे तो घालणारीलाच ठाऊक. डॅफ्नेने ते ओझं टाकाशिवाय दाखवलं. आणखी एक गोष्ट तिने अशी पकडली आहे की वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. शेवटाकडे नवरा ह्या मुलीला एक भयंकर गोष्ट सांगतो. कुणीही हादरून जाईल अशी. आणि हिच्या मनात काय येतं? 'म्हणजे ह्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं तर!' बस्स. बाकी कशाचं तिला काही नाही. ह्याला प्रेमकथा म्हणायचं की आणखी काही, तुम्हीच ठरवा. मला त्या मॅक्झिमसाहेबांबद्दल काडीचं कौतुक वाटलं नाही.

'रेबेका' १९३८च्या ऑगस्टमध्ये आली आणि धो धो खपली. त्या पैशांतून डॅफ्नेने काय करावं? १९४३ साली, ऐन लढाईच्या दिवसांत, तिने मेनाबिलीचं ते पडकं घर भाड्याने घेतलं. छप्पर गळतंय, वीज नाही, उंदरांचा सुळसुळाट, पदरी तीन मुलं आणि नवरा लढाईवर. तिने छप्पर शाकारलं, दिवे आणले, मोऱ्या बांधल्या, सगळं स्वतःच्या लेखणीच्या कमाईतून. बागेत एक लाकडी खोपटं होतं, तिथे टाइपरायटर घेऊन बसायची. पुढे हिचकॉकने जिच्यावर सिनेमा केला ती 'द बर्ड्स' ही गोष्ट तिला इथल्याच शेतावर सुचली.

पण घर तिचं नव्हतं. विकायला रॅशली घराणं तयार नव्हतं, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा होता. सव्वीस वर्षं तिने दुसऱ्याच्या घरावर पैसा आणि माया ओतली. १९६५मध्ये नवरा त्याच घरात वारला. १९६९ साली भाडेपट्टा संपला आणि ६२ वर्षांच्या डॅफ्नेला बाहेर पडावं लागलं. मालकांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. त्यांना आपल्या घरी राहायला यायचं होतं. तिला राहायला मिळालं ते त्याच इस्टेटीतलं 'किल्मार्थ' नावाचं दुसरं घर, तेही भाड्यानेच. तिथे ती १९८९ साली वारली. एवढी मोठी लेखिका, तिच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या, सरकारने 'डेम' हा किताब दिला, आणि जिच्यावर जीव लावला ती वास्तू शेवटपर्यंत दुसऱ्याच्या नावावर. सासरच्या घराला पंचवीस-तीस वर्षं सारवून-रंगवून सातबाऱ्यावर कुठेच नसलेल्या बायका माझ्या माहितीत कमी नाहीत. म्हणून असेल कदाचित, पण त्या झाडीकडे बघताना मला कादंबरीतल्या भुतापेक्षा ही खरी हकिकतच जास्त टोचली.

घर आजही खासगी आहे आणि बघायला मिळत नाही. फाटकापाशी जाऊन डोकावू नये. पण शेतावरून समुद्राकडे उतरणारी पायवाट सर्वांना खुली आहे. पंधरा-वीस मिनिटांत पोलरिडमथचा छोटा किनारा लागतो. लहानसं तळं आणि पाण्याच्या कडेला एकच एक घर. रेबेकाची होडी ठेवायची ती जागा हीच, असं मानतात. १९३० साली ह्या खडकांवर एक जहाज आपटलेलं डॅफ्नेने स्वतः पाहिलं होतं आणि कादंबरीतली बोट फुटते ती तिथूनच आली. वर टेकाडावर ग्रिबिनचा ८४ फुटी मनोरा आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. खलाशांना खूण पटावी म्हणून १८३२ साली उभारला. आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यावर एक कुत्रं आणि त्याच्या मालकीणबाई, एवढंच. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. तरी ह्यांनी "चला, ऊन उतरतंय" म्हटलं तेव्हा मी मुकाट्याने निघाले.

जमैका इनची गोष्ट निराळी. तिथे गर्दी आणि बाजार. बॉडमिनच्या उघड्या माळरानावर, बोल्व्हेंटर वस्तीत, १७५०चा हा दगडी मुसाफिरखाना आहे. नावाचा संबंध रमच्या चोरट्या व्यापाराशी जोडतात. पण खरं म्हणजे इथल्या जमीनदार ट्रेलॉनी घराण्यातले दोघे जमैका बेटाचे गव्हर्नर होते, त्यावरून हे नाव पडलं. १९३० सालच्या नोव्हेंबरात डॅफ्ने आणि तिची मैत्रीण इथे उतरल्या होत्या. घोड्यांवर बसून माळावर गेल्या आणि धुक्या-पावसात वाट हरवली. शेवटी लगाम सैल सोडले आणि घोड्यांनीच दोघींना परत आणलं. त्या रात्रीतून 'जमैका इन' ही १९३६ची कादंबरी निघाली. आईवेगळी झालेली मेरी येलन मावशीच्या आश्रयाला येते. मावशीचा नवरा इथला मालक, दारुडा आणि दांडगा. रात्री गाड्या येतात, पेट्या उतरतात, कुणी बोलत नाही.

चोरटा माल म्हणजे फक्त दारू आणि तंबाखू असं समजू नका. चहा! अठराव्या शतकात इंग्लंडात चहावर इतका कर होता की किनाऱ्याकाठच्या घराघरांत चोरून आलेला चहा उकळत होता. पाद्रीबाबांच्यासुद्धा. १७८४ साली सरकारने तो कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरांचा धंदा आपोआप बसला. खोटे दिवे दाखवून जहाजं फोडणाऱ्या टोळ्यांना मात्र इतिहासात फारसा पुरावा सापडत नाही. फुटलेल्या जहाजाचा माल गावकरी पळवत, एवढं खरं.

आत लहानसं संग्रहालय आहे, खानावळ आहे, आणि दारूच्या गुत्त्याच्या जमिनीत एक पाटी बसवली आहे, कादंबरीतल्या एका माणसाचा खून ह्या जागी झाला म्हणून! न झालेल्या खुनाची पाटी मी जन्मात प्रथमच पाहिली. लोक तिच्यावर उभे राहून फोटो काढून घेत होते. मला त्या जागी आठवली ती मेरीची पेशन्स मावशी. लग्नाआधी रिबिनी लावून हसत फिरणारी ही बाई, दहा वर्षांत नवऱ्याच्या पावलांच्या आवाजाने दचकणारं चिपाड होते. साहस सगळं मेरीचं, पण पुस्तकातलं सगळ्यात खरं माणूस ही मावशी. तिची पाटी कुठे दिसली नाही.

खाण्याचं सांगायलाच हवं. इथली पॅस्टी म्हणजे आपल्या करंजीची थोरली जाऊबाई. वीतभर लांब, कडेला मुरड घातलेली. टिनाच्या खाणीतले कामगार ती डब्याऐवजी नेत. अस्सल पॅस्टीत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा एक कंद असतो, तेव्हा मागताना नीट विचारून घ्या. चीज आणि कांद्याची पॅस्टी सगळीकडे मिळते आणि पोटभर होते. दुपारच्या चहाबरोबर 'स्कोन' नावाचे गोडसर पाव, जॅम आणि घट्ट साय. कॉर्नवॉलात आधी जॅम आणि वर साय, डेव्हनमध्ये आधी साय. ह्यावरून दोन्हीकडचे लोक हिरिरीने भांडतात. आमच्या घरी साय कोणी वर ठेवलीच नसती, विरजणाला लावली असती. पायांत नुसत्या चपला नकोत, वाटा निसरड्या असतात. साडी नेसणार असाल तर थोडी उंच नेसा. आणि स्वेटर जून महिन्यातही पिशवीत ठेवा.

शेवटी हेल्फर्ड नदी. उत्तरेच्या काठाला गाडी ठेवून होडीने हेल्फर्ड गावात उतरायचं आणि रानातून दोनेक मैल चालायचं. 'फ्रेंचमन्स क्रीक' ही एक अरुंद खाडी. दोन्ही बाजूंनी ओकची झाडं इतकी वाकलेली की भरतीला फांद्या पाण्यात बुडतात. ओहोटीला नुसता चिखल, त्यात पडलेले ओंडके आणि एका पायावर उभा बगळा. लग्न लागल्यावर ते दोघं बोट घेऊन आले ते इथेच. नऊ वर्षांनी, १९४१ साली, ह्याच नावाची कादंबरी आली. राजदरबारच्या नटव्या आयुष्याला कंटाळलेली डोना नावाची सरदारीण मुलं घेऊन कॉर्नवॉलच्या घरी येते आणि खाडीत लपलेल्या फ्रेंच चाच्याच्या जहाजावर मुलाचे कपडे करून चढते. लंडनवर बॉम्ब पडत होते त्या दिवसांत बायकांनी हे पुस्तक उचलून धरलं, ह्यात नवल नाही.

डोनाचं पुढे काय होतं? चाचा विचारतो, येतेस का? आणि तिला माहीत असतं की घरी दोन लेकरं झोपली आहेत. ती परत जाते. लेक म्हणाली, "आई, हे काय! मी असते तर गेले असते." मी म्हटलं, तू जा, मुलं माझ्यापाशी ठेवून जा. जावईबापू उगाचच झाडांकडे बघायला लागले.

परतीची होडी बोलवायची रीत मोठी गमतीची आहे. हेल्फर्डच्या धक्क्यावर एक पिवळी गोल पाटी आहे, मिटलेली. ती उघडून ठेवायची आणि उभं राहायचं. पलीकडच्या काठावरून नावाडी बघतो आणि येतो. हाक नाही, घंटा नाही. आम्ही पाटी उघडली. पाणी चढायला लागलं होतं. दहा मिनिटांनी पलीकडून एक छोटी होडी सुटलेली दिसली.